गाव, तारीख आणि प्रमाण

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की द्राक्षपट्ट्यातले फोन दिवसभर वाजत राहतात. निफाड असो, दिंडोरी असो, तासगाव-मिरज असो की पंढरपूर, सगळीकडे बागायतदारांचे व्हॉट्सॲप गट आहेत आणि एकेका माणसाच्या फोनवर असे चार-पाच गट सहज असतात. सकाळी कुणीतरी पानाचा फोटो टाकतो आणि खाली दोनच शब्द लिहितो, ‘काय मारू?’ चहा संपायच्या आत पाच-सहा उत्तरं येऊन पडतात. उत्तरं देणाऱ्या सगळ्यांनी मनापासून मदत केलेली असते. स्वतःची कामं सोडून, एक रुपया न घेता केलेली असते. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. तरीही कळकळीनं सांगायचं ते हे, की अशा उत्तरांवर फवारणीचा पंप भरू नका.

त्या फोटोत काय नसतं ते आठवून बघा. गाव नसतं. वाण नसतो, म्हणजे थॉमसन आहे, सोनाका आहे की काळं द्राक्ष, कळत नाही. छाटणी कधी झाली, मागच्या आठवड्यात पाऊस किती झाला, पहाटे दव पडतं का, यातलं काहीच नसतं. पानाची फक्त वरची बाजू दिसते. डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला धरते, वर नुसता तेलकट पिवळा डाग दिसतो. भुरी बहुधा पानावर वरूनच राखेसारखी दिसते. पान उलटून दुसरा फोटो काढला असता, तर निम्मे सल्ले तिथल्या तिथे बाद झाले असते.

उत्तरांचंही तसंच. एका औषधाचं दुकानातलं नाव आणि एक आकडा. तो आकडा लिटरचा, 200 लिटरच्या टाकीचा की एकराचा, हे लिहिलेलं नसतं. लिहिणाऱ्याच्या मनात टाकीचा हिशेब असतो आणि वाचणारा लिटरचा धरतो. कुणी पाठीवरच्या पंपानं फवारतो, कुणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं, त्यामुळे एकरी पाणीही प्रत्येकाचं वेगळं. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्याचं प्रमाण काडीची जाडी आणि त्या दिवसांतलं तापमान पाहून ठरवायचं असतं. दिंडोरीच्या थंडीतलं प्रमाण पंढरपूरच्या उन्हात जसंच्या तसं लावलं तर डोळे जळतात. सल्ला चुकीचा नसतो, दिंडोरीपुरता तो बरोबरच असतो. पुढे जाताना त्याच्या अंगावरचं ‘दिंडोरी’ तेवढं गळून पडलेलं असतं.

म्हणून पहिली विनंती अशी की गटात काहीही टाकताना गाव, वाण, छाटणीची तारीख आणि पानाच्या दोन्ही बाजू टाका. औषध सांगायचं तर बाटलीवरच्या मोठ्या अक्षरातल्या नावाऐवजी बारीक अक्षरातला घटक सांगा, आणि प्रमाण नेहमी लिटरला किती हेच सांगा. एवढं लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. ती द्या.

दुसरी विनंती मला याहून महत्त्वाची वाटते. विचारणारा माणूस सल्ला घेतो, फवारतो आणि गप्प बसतो. आठ दिवसांनी काय झालं, हे सांगायला तो गटात परत येत नाही. गुण आला असेल तर पुढच्या कामात गुंततो. नुकसान झालं असेल तर लोकांपुढे ते कशाला, असं त्याला वाटतं. सल्ला देणाऱ्यालाही आपला सल्ला लागू पडला की नाही ते कळत नाही, आणि तोच सल्ला तो पुढच्या वर्षी आणखी ठामपणे देतो. आठ दिवसांनंतरचा फोटो, त्याच वेलीचा आणि जमलं तर त्याच पानाचा, हे तुमच्या गटात पडणाऱ्या मजकुरातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान आहे. तो टाकल्याशिवाय तुमचा प्रश्न पुरा झाला असं धरू नका.

एकमेकांना सांगून शेती शिकणं फोननं आणलेलं नाही. तास-ए-गणेश हा वाण तासगावच्या बोरगावात निवडला गेला आणि सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये. दोन्ही ठिकाणी शेतकऱ्यांनीच आपल्या बागेतली वेगळी वेल हेरली, तिच्यावर लक्ष ठेवलं, काड्या जपल्या, दुसऱ्यांना दिल्या. ज्याला काडी हवी तो बागेत यायचा. वेल बघायचा, जमीन बघायचा, विहिरीचं पाणी किती ते विचारायचा आणि मग काडी घेऊन जायचा. ज्ञान आणि त्याचं ठिकाण वेगळं पडत नव्हतं. फोननं ही दोन वेगळी केली. वेग मात्र असा दिला, की त्या काळच्या माणसाला तो खरा वाटला नसता.

हा वेग नसला तर काय होतं आणि असला तर काय, याची दोन उदाहरणं देतो. 2010 साली युरोपात आपली द्राक्षं अडकली. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. बागेतून माल केव्हाच निघून गेला होता, कंटेनर समुद्रापलीकडे पोचले होते. आता काही करता येण्यासारखं उरलेलं नव्हतं आणि नुकसान सोसणं तेवढं हातात राहिलं. दुसरं उदाहरण 2018 चं. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी त्या वर्षी आधी कर्नाटकात सापडली आणि काही महिन्यांत सोलापुरात आली. तिची ओळख फोटोवरून पटवता येते. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीकडे चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. अळी तळहातावर घेऊन जवळून काढलेला एक स्पष्ट फोटो असला, की दुसऱ्या तालुक्यातला माणूस संध्याकाळी आपल्या मक्याचा पोंगा उघडून बघू शकतो. आठ वर्षांत एवढा फरक पडला, आणि तो आपल्या हातातल्या वस्तूनं पडला.

पण खोट्यालाही तोच वेग मिळतो. 1 जुलै 2018 हा दिवस महाराष्ट्रानं विसरू नये. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे खोटे निरोप त्या दिवसांत फोनवरून सगळीकडे पसरले होते. ज्यांनी ते पुढे पाठवले त्यांच्यातल्या बहुतेकांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. शेजाऱ्याला सावध करावं, एवढंच मनात असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे 2020 मध्ये, हातोहात फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. निरोपावर दोन बाण दिसले तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे. मूळ माणूस कोण, हे आता कुणालाच ठाऊक नाही. असा निरोप पुढे पाठवायचा नाही, एवढा नियम घरात सगळ्यांनी मिळून करा. जे स्वतः पाहिलं, केलं किंवा ज्याला ओळखता त्याच्या तोंडून ऐकलं, तेवढंच सांगा.

शाळांमध्ये हे चांगलं जमलेलं दिसतं. 2015 नंतर सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. फरशीवर आखलेली अंकांची चित्रं, खडे-काड्यांचे गट, आपापसात बोलत गणित सोडवणारी मुलं, हे त्यांनी वर्गात बसून पाहिलं. फोटो घरी नेले, आपल्या शाळेत करून बघितलं, अडलं तिथे फोन केला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतच ते छापून येऊ लागले. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, तेव्हा बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. शिक्षक एकमेकांना नावानिशी विचारतात आणि आधी वर्ग पाहतात, म्हणून तिथे ही गोष्ट मुळं धरते, असं मला वाटतं. शेतकऱ्यांच्या गटांनीही वर्षातून दोनदा तरी शिवारफेरी काढावी. फोनवर ज्याच्याशी बोलतो त्याची बाग एकदा डोळ्यांनी पाहिलेली असली, की त्याच्या सल्ल्यातलं आपल्याला लागू काय आणि बाजूला काय ठेवायचं, ते आपोआप कळतं.

व्हिडिओंचं वेगळं सांगायला हवं. ‘एकरी इतके लाख’ असं शीर्षक असलेला व्हिडिओ दिसला की तो शेवटपर्यंत बघा, पण हातात वही घेऊन. खर्च सांगितला का? भाव कोणत्या वर्षीचा धरला आहे? पाणी कुठून आलं? रोपं हाच माणूस विकतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होय असेल, तर ती जाहिरात आहे असं समजूनच पुढचं ऐका. 2019 मध्ये कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत सांगलीकडचे आणि इतर जिल्ह्यांतलेही कितीतरी शेतकरी फसले. पिल्लं आम्ही देतो, अंडी आणि कोंबड्या आम्हीच परत विकत घेतो, असं ते आश्वासन होतं. यशाच्या गोष्टी त्यांनी भरपूर ऐकल्या होत्या. माल दुसऱ्या कुणाला विकता येईल का, हा प्रश्न मागे राहिला. कोणत्याही नव्या धंद्यात पैसे घालण्याआधी तो प्रश्न विचारा, आणि त्या धंद्यातून बाहेर पडलेल्या एका तरी माणसाला शोधून भेटा. असा माणूस व्हिडिओत सापडणार नाही, पण गावोगावच्या गटांत विचारलं तर सापडेल.

आता नावाचा विषय. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. 1983 च्या सुमारास आपल्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षामागून वर्षं पेरल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा, चवीचा तांदूळ उभा केला. त्या काळी गाजणाऱ्या घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी नाव पडलं. बियाणं त्यांनी मागेल त्याला दिलं. तांदूळ दूरवर पोचला, व्यापाऱ्यांनी कमावलं, पण दादाजी शेवटपर्यंत ओढगस्तीतच राहिले. जून 2018 मध्ये ते गेले. विदर्भाबाहेर आजही एचएमटी शिजवणाऱ्या कितीतरी घरांत त्यांचं नाव ठाऊक नाही.

वाटून टाकणाऱ्या माणसाचं असं होऊ नये यासाठी नियम लागतात, आणि असे नियम करणारे लोक आपल्याकडे आहेत. अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस हनी बी नेटवर्क सुरू केलं. लोकांकडून घेतलेलं ज्ञान त्यांच्याच भाषेत त्यांना परत द्यायचं, ज्याचं आहे त्याचं नाव घालायचं, आणि त्यातून पैसा झाला तर त्याचा वाटा त्याला द्यायचा, हा त्यांचा आग्रह. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाण्यांच्या कामासाठी 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्याकडून बियाणं नेणाऱ्यानं पुढच्या हंगामात दुप्पट आणून द्यायचं असतं. बियाणं फुकट मिळतं, पण मोकळ्या हातानं मिळत नाही. तुमच्या गटातही हेच करा. कुणाची युक्ती पुढे पाठवताना तिच्या मालकाचं नाव आणि गाव वर लिहा, त्याला विचारून लिहा. दुसऱ्यानं केलेल्या व्हिडिओवरचं नाव कापून आपलं घालणं ही चोरी आहे. तिला सौम्य शब्द वापरू नये.

विक्रीतही नावच कामाला येतं. मार्च 2020 च्या टाळेबंदीत बाजार अडले, आणि ऐन हंगामात हापूसवाल्यांनी, द्राक्षवाल्यांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या गटांवरून थेट माल विकला. अनेकांनी ते पुढे चालू ठेवलं. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परराज्यातला आंबा देवगडच्या नावानं आजही खपवला जातो. खऱ्या बागायतदारानं यावर काय करावं? पेटीत किती डझन आणि सरासरी फळाचं वजन किती, ते लिहावं. काढणीची तारीख लिहावी, आंबा पिकायला आणखी किती दिवस लागतील ते लिहावं. आणि साक्याबद्दल आधीच सांगावं. साका बाहेरून दिसत नाही, चांगल्या बागेतल्या फळातही निघतो, हे शहरातल्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं. कापल्यावर आत पांढरट गर दिसला की त्याला आपण फसलो असं वाटतं. ‘साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ’ हे वाक्य पहिल्याच निरोपात असावं. दोष आधी सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येतं.

गिऱ्हाइकांनीही थोडं करावं. आंबा आवडला तर सोसायटीच्या गटावर बागायतदाराच्या नावानिशी सांगा, नुसता नंबर पुढे ढकलू नका. आवडला नाही तर आधी त्याला फोन करा, गटावर नंतर लिहा. पेटी मिळाली की त्याच दिवशी पैसे पाठवा. मोठ्या दुकानाला उधारी परवडते, घरातून माल पाठवणाऱ्याला ती परवडत नाही.

युपीआय 2016 मध्ये आलं आणि लहान विक्रेत्याचा सुट्ट्या पैशांचा, बँकेत खेपा घालण्याचा त्रास गेला. त्याच्यासोबत आलेल्या फसवणुकीचा एक प्रकार घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. मोठी ऑर्डर देणारा अनोळखी माणूस फोन करतो, आगाऊ पैसे देतो म्हणतो, एक कोड पाठवतो आणि स्कॅन करून पिन टाका म्हणतो. पैसे येताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. आजीला, पोराला, दुकानात बसणाऱ्या पुतण्याला हे सांगा. तरीही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका, तडक 1930 या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि झालेला प्रकार गटात सांगा, म्हणजे तोच माणूस शेजारच्या गावात यशस्वी होणार नाही.

आता फोनलाच प्रश्न विचारायची सोय झाली आहे. एआय मराठीत उत्तर देतो, आणि पुष्कळदा बरं देतो. विचारा, संकोच करू नका. पण औषध आणि प्रमाण यांची खात्री बाटलीवरच्या लेबलवर करा. द्राक्षाचं असेल तर पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी बघा. काढणीच्या किती दिवस आधी कोणतं औषध थांबवायचं, हे तिथे दिलेलं असतं. ही यंत्रं लिहून ठेवलेल्या मजकुरावर शिकतात. आपल्या मातीबद्दल, आपल्या वाणांबद्दल मराठीत जितकं कमी लिहिलेलं असेल, तितकी त्यांची उत्तरं दुसऱ्या मुलखाची असणार.

आणि गटातलं ज्ञान लिहून ठेवलेलं नसतंच. फोन भरला की लोक सगळं पुसून टाकतात, फोन बदलला की जुनं जातं. गेल्या हंगामात अवकाळी पावसानंतर कुणाची बाग कशानं वाचली, हे आज शोधायला जा, सापडणार नाही. म्हणून प्रत्येक गटानं एक नोंद ठेवणारा माणूस नेमावा. महिन्याकाठी त्यानं कामाचे दहा-पंधरा निरोप वेगळे काढावेत, खाली आठ दिवसांनंतरचा निकाल जोडावा आणि सगळ्यांना पाठवावेत. एक छापील प्रत ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवावी. हे काम कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना द्या, आणि त्याचे पैसे द्या. फुकटचं काम दुसऱ्या महिन्यात थांबतं.

शेवटची विनंती गटात कोण आहे याबद्दलची. तुमच्या गटातली नावं वरून खालपर्यंत वाचून बघा. बायका किती आहेत? घडांची विरळणी कोण करतं? जिबरेलिक ॲसिडच्या, म्हणजे जीएच्या द्रावणात घड कोण बुडवतं? नाशिककडे या कामाला पेठ-सुरगाण्याहून बायका येतात, इतर ठिकाणी घरच्या आणि गावच्या असतात. दिवसभर प्रत्येक घड त्यांच्या हातातून जातो. कोणत्या ओळीत मणी गळतात, कुठे देठ कडक झाला, कोणत्या वेलीवर मिलीबग चढायला लागला, हे मालकाच्या आधी त्यांना दिसतं. गटात मात्र त्यांचा नंबर नसतो. कित्येक घरांत फोनही एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो.

त्यांना गटात घ्या. घरच्या बाईचा नंबर आजच टाका आणि टोळीच्या मुकादम बाईचाही तिला विचारून टाका. टाइप करता येत नसेल तर बोलून निरोप पाठवता येतो, ते शिकवायला पाच मिनिटं लागतात. काम संपल्यावर संध्याकाळी एक मिनिट, आज काय दिसलं तेवढं त्यांना सांगू द्या. नोंद ठेवणाऱ्यानं ते ऐकून दोन ओळींत लिहावं, खाली त्या बाईचं नाव घालावं. आणि तिच्या सांगण्यामुळे एखादी बाग वाचली, तर त्या आठवड्याच्या मजुरीत ते दिसू द्या.